इस्टिमेटच्या आधी पाड्याला विचारा: सातपुड्यात बांधणाऱ्या, रंगवणाऱ्या आणि अॅप काढणाऱ्या सर्वांना खुले पत्र

प्रति,
नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या आदिवासी पाड्यांवर इमारत, घरकुल, भित्तिचित्र, पुतळा किंवा मोबाइल अॅप मंजूर करणारे अधिकारी, अभियंते, वास्तुरचनाकार, ठेकेदार आणि संस्था यांस

विषय: अंदाजपत्रक तयार होण्याआधी पाड्यावर बैठक घेण्याबाबत

महोदय, महोदया,

मागणी विषयाच्या ओळीतच आली आहे. खाली तिची कारणे आहेत आणि ती अमलात कशी आणायची याचा तपशील आहे.

आज क्रम उलटा चालतो. टाइप प्लॅन, म्हणजे सगळीकडे एकच ठरीव नकाशा, जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतो, त्यावर इस्टिमेट बनते, तांत्रिक मान्यता मिळते आणि शेवटी ग्रामसभेत ठराव वाचून सह्या-अंगठे घेतले जातात. तोवर दाराची दिशासुद्धा ठरून गेलेली असते. एखाद्या म्हातारीने विचारले, "पावसाची झड तर याच बाजूने येते, दार इकडे कसं?" तर उत्तर ठरलेले: आता बदल केला तर सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा मान्यता, निधी परत जाईल. बाई गप्प बसते आणि पुढची वीस वर्षे अंगणवाडीत पाणी शिरत राहते. यात कुणाची दुष्टबुद्धी असते असे आम्ही म्हणत नाही. चूक कागदाच्या क्रमात आहे, म्हणून ती क्रम बदलूनच सुटेल.

कायदा तर तुम्हाला याच दिशेने ढकलतो आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांचा काही भाग आहे. तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळते, झाडे हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नसतात आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे जागेबाबत ग्रामसभा आधीच पहिली आहे. आम्ही म्हणतो, आराखड्याबाबतही तिला पहिलीच ठेवा.

आता बैठक कशी घ्यायची ते. कागदावरचा नकाशा वाचणारे पाड्यावर चार-दोन लोक असतात आणि ते सहसा पुरुष असतात. म्हणून नकाशा जमिनीवर काढा. चुन्याची फक्की, एक दोर, टेप आणि दहा-बारा बांबूच्या खुंट्या एवढेच सामान लागते. ठरलेल्या जागेवर इमारत खऱ्या मापात आखा, दारे-खिडक्यांच्या जागी रेघ तोडा, कोपऱ्यांवर छताच्या उंचीचे बांबू उभे करा आणि लोकांना आत फिरू द्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईला चुलीच्या जागी बसवा. पंचवीस पोरे ओळीने बसवून पाहा. अर्ध्या तासात कळते की भांडी घासायचे पाणी कुठे जाणार याचा विचार झालेलाच नाही, की शाळेची वाट पूर्वजांच्या स्थानावरून जाते. रेघ पुसून दुसरी मारायला दोन किलो चुना लागतो. हेच बांधून झाल्यावर कळले तर भिंत फोडावी लागते.

ही आखणी दोनदा करा. एकदा पावसाळ्यात, पाणी कुठून वाहते ते पाहायला. एकदा चैत्र-वैशाखात, सावली कुठे पडते ते पाहायला. दोनदा जमत नसेल तर पावसाळ्यातली सोडू नका. बायकांची बैठक वेगळी आणि त्यांच्या वेळेला घ्या. सकाळी अकराला त्या पाण्यावर, जंगलात किंवा मजुरीला गेलेल्या असतात, आणि कारभाऱ्याने मान डोलावली म्हणजे पाडा बोलला असे होत नाही. हा दोष आमच्या घरातला आहे, तोही इथेच मांडलेला बरा.

बांधकामाबद्दल थोडे खोलात लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसा तिथे मुरतो. धडगाव-मोलगीच्या वरच्या पाड्यांवर आरसीसी स्लॅबला गळती का लागते? सिमेंट वाईट म्हणून नाही. स्लॅब पडतो मार्च ते मे या काळात, कारण निधी मार्चअखेर येतो. त्याच दिवसांत पाड्यावर प्यायचे पाणी दोन-दोन किलोमीटरवरून आणावे लागते. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला, म्हणजे आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोण्यांना, किमान १० दिवस पाणी द्यावे लागते. मिळते दोन-तीन दिवस. स्लॅबला केसासारख्या भेगा पडतात, पहिल्या पावसात ओल उतरते, चार-पाच वर्षांत सळई गंजून खालचा गिलावा सुटतो. पत्र्याचे छप्पर टाकले तर गळत नाही, पण मे महिन्यात आत बसवत नाही आणि पावसात बाईंचा आवाज शेवटच्या पोराला ऐकू जात नाही.

पाड्याचे घर यावर काही उत्तरे देऊन बसले आहे. सागाचे किंवा अंजनाचे खांब, कुडाची म्हणजे काठ्या-कामट्या विणून मातीने लिंपलेली भिंत, उतरते कौलारू छप्पर आणि भिंतीबाहेर अडीच-तीन फूट आलेली वळचण. पण हेही डोळे झाकून उचलू नका. सागाचा आतला भाग टिकतो, बाहेरचा पांढरा भाग वाळवी खाते. ठेकेदार खांब जाड दिसावा म्हणून तोच ठेवतो. खांबाचे बूड मातीत गाडू नका, घडीव दगडावर उभे करा. जोते दीड-दोन फूट दगडी घ्या आणि त्यावर निदान गुडघ्याएवढी भिंत दगडाची ठेवा, कूड तिच्यावर. कुडाची भिंत कुजते ती खालून, जमिनीवर आपटून उडणाऱ्या पावसाने.

बांबू आमच्याकडचा मानवेल जातीचा. तीन-चार वर्षांची काठी घ्यायची, कार्तिक ते माघ या दिवसांत तोडायची. पावसाळ्यात तोडलेल्या किंवा कोवळ्या काठीत पिठूळ सत्त्व जास्त असते, त्यावर घूण लागते आणि सहा महिन्यांत भिंतीखाली पिवळी भुकटी पडू लागते. तोडलेली काठी वाहत्या ओढ्यात तीन-चार आठवडे दगडाखाली बुडवून ठेवतात, ते सत्त्व धुऊन जावे म्हणून. ओढा आटला असेल तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अॅसिड विरघळवून चिरलेल्या कामट्या आठवडाभर बुडवा आणि सावलीत वाळवा. हे द्रावण पावसाने धुऊन निघते, म्हणून असा बांबू वळचणीच्या आतच वापरायचा. उघड्यावरच्या कुंपणाला ते लावणे म्हणजे पैसे ओढ्यात टाकणे.

लिंपणाला काळी माती एकटी नको. ती सुकताना आकसते आणि भिंतीला हातभर भेगा पाडते. मुरमाड किंवा पांढऱ्या मातीत थोडी काळी, शेण आणि गव्हाचा भुसा घालून गारा, म्हणजे लिंपायचा चिखल, तीन-चार दिवस मुरवतात. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच थर धरला तर १०० चौरस फूट भिंतीला २५ घनफूट गारा लागतो. तुडवताना माती बसते, म्हणून कोरडी माती तिसरा हिस्सा जास्त आणा. या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा कधीही मारू नका. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, सिमेंट मातीला धरत नाही आणि वर्षभरात पापुद्रे थाळीएवढे निघतात. "मजबुती"च्या नावाखाली ही चूक फार वेळा होते.

आणि एक गोष्ट साफ सांगायला हवी. मातीच्या भिंतीला दरवर्षी दिवाळीआधी लिंपण लागते, आणि ते बायका करतात, फुकट. सरकारी इमारत मातीची केली आणि देखभालीचे मजुरीचे दिवस अंदाजपत्रकात लिहिले नाहीत, तर ती परंपरा जपणे नव्हे, ती वेठबिगारी झाली. पाड्याने सगळे ऐकून विटांची भिंत मागितली तर विटांची द्या. कौलांवर माकडे नाचतात आणि ती फोडतात, हेही खरे आहे. कुठे कौलाखाली बांबूची चटई अंथरतात, कुठे लोक पत्राच मागतात. निर्णय त्यांचा.

अभियंत्यांची अडचण आम्हाला ठाऊक आहे: सरकारी दरांच्या यादीत, म्हणजे दरसूचीत, कूड, हातकौल, मानवेल या बाबीच नाहीत. पण दरसूचीत नसलेल्या बाबीचे दर पृथक्करण, म्हणजे साहित्य आणि मजुरी मोजून काढलेला दर, करून देता येते, आणि ते तुम्ही इतर कामांत नेहमी करता. पाड्यावर १० बाय १० फुटांची नमुना भिंत उभी करा. किती काठ्या, किती टोपल्या माती, किती शेण, सुताराचे आणि मजुराचे किती दिवस, हे शाखा अभियंत्यासमोर मोजा. त्या मोजमापावर दर बसवा. ती भिंत एक पावसाळा तशीच राहू द्या, ऑक्टोबरमध्ये पाहा. बांबूच्या वाहतुकीची सबबही आता टिकत नाही: वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला आहे. लहान कामांना पैसाही आहे. २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थेट मिळतो.

घरकुलाबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेसोळा फूट औरस-चौरस. यात चूल आहे. कणगी, शेळ्या, चारा आणि पाहुण्याची खाट नाही. योजनेचा नियमच सांगतो की घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही. मग एका रेषेत, एका रंगात, एकमेकांना पाठ लावून घरे उभी राहतात कशी? आमच्यात घर शेतात असते, शेजाऱ्याचे घर हाकेच्या अंतरावर. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे गेली, तेव्हा नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे घरासाठी ६० बाय ९० फुटांचे प्लॉट मिळाले. मापाने ते लहान नाहीत. पण ओळीत मांडले की कोंबडी, कुत्रे आणि सांडपाणी सगळेच शेजाऱ्याचे होते, आणि शेत राहते लांब. नवी वसाहत आखताना आधी विचारा कोणती घरे एकमेकांजवळ हवीत, मग मोजणी लावा.

आता भिंतीवरच्या चित्रांकडे. नंदुरबार जिल्ह्यात ६९ टक्के लोक आदिवासी आहेत (२०११ ची जनगणना), आणि "आदिवासी कला" म्हणून इथल्या भिंतींवर जे चितारले जाते ते बहुतेक वेळा वारली असते. वारली ही पालघरकडच्या डहाणू, तलासरी, जव्हारची कला. लग्नात सुवासिनी काढतात तो चौक, गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. तिला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ती सुंदर आहे, पण भिल्ल, पावरा, मावची यांची ती नाही. चित्रात तारपा वाजतो आणि माणसे त्याभोवती वेटोळे धरतात. आमच्याकडे ढोल आणि मांदळ असतो, साक्री-नवापूरकडच्या कोकणा जमातीचे पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य असते. पोराने शाळेच्या भिंतीवर स्वतःला शोधावे आणि दोनशे किलोमीटरवरचा शेजारी सापडावा, असे ते चित्र आहे. वारलीच हवी असेल तर पालघरचा कलाकार बोलवा, त्याचे नाव आणि मानधन लिहा. स्टेन्सिलवरून रंगवणाऱ्याकडून ती करून घेणे दोन्ही समाजांची उपेक्षा आहे.

मग आमचे काय काढायचे? हा प्रश्न पाड्याला विचारला तर पहिली यादी येते ती काय काढू नये याची. होळीतला बुध्या, अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू आणि दुधी, हा फोटोत फार छान दिसतो. म्हणून तो चौकाचौकात, कॅलेंडरवर, कापडी पिशव्यांवर येतो. पण तो नाचाचा पोशाख नाही, व्रत आहे. ते पाळणारा माणूस त्या दिवसांत बरेच काही सोडतो. काठी गावच्या होळीचा दांडा, याहा मोगी देवीचे रूप, पूर्वजांची स्थाने यांचेही तसेच. कुठल्या पाड्यावर हे चालेल, कुठल्या पाड्यावर नाही. विचारल्यावाचून कळणार नाही, आणि एकाने दिलेली परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. चालणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत: गोंदणाच्या खुणा, पावरा बायकांच्या चांदीच्या दागिन्यांची घडण, टोपली-सुपाच्या विणीची नक्षी, तीरकामठा, मोहाचे झाड, भिल्लांनी इंग्रजांशी दिलेली ११ एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई.

रंगकामाचे दोन शब्द, कारण इथेही पैसा वाया जातो. नव्या गिलाव्यावर २८ दिवस रंग लावू नका. ताज्या सिमेंटचा क्षार अॅक्रिलिक रंगाला उडवतो. जमिनीपासून अडीच-तीन फूट भिंत ओल धरते, तो पट्टा चित्राबाहेर ठेवा. जुना चुना खरवडल्याशिवाय प्रायमर धरत नाही. बाहेरच्या इमल्शनला दोन हातांसाठी लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. मे महिन्यात रंग ब्रशवरच सुकतो. मातीच्या भिंतीवर प्लास्टिक रंग नको. चित्राखाली काढणाऱ्यांची आणि पाड्याची नावे, आणि करारात एक ओळ: हे चित्र दुसरीकडे छापायचे असेल तर ग्रामसभेची वेगळी परवानगी. वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(ट) जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मानते. त्याचा आधार घ्या.

अॅप आणि भाषेचे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला हवे. २०११ च्या जनगणनेत "भिली/भिलोडी" बोलणारे १ कोटी ४ लाख नोंदले आहेत. या एका नावाखाली पावरी, मावची, देहवाली, नोयरी अशा कितीतरी बोली बसवल्या आहेत. केंद्र सरकारच्या 'आदि वाणी' या भाषांतर-यंत्रणेत भिली आहे हे चांगलेच. पण कुठली भिली? झाबुआची भिली देहवाली बोलणाऱ्या आजीला ऐकवली तर ती हसेल, आणि गोळी कधी घ्यायची हे तिला कळणार नाही. ध्वनिमुद्रण करताना प्रत्येक फितीवर बोलीचे नाव, पाडा, बोलणाऱ्याचे वय-लिंग ही नोंद हवीच. मुद्रण किमान १६ किलोहर्ट्झ, मोनो, न दाबलेल्या फाइलमध्ये करा. व्हॉट्सअॅपवरून आलेला आवाज दाबलेला असतो, तो यंत्राला बोली शिकवायला कमी उपयोगी. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, पंखा गुरगुरतो. त्यापेक्षा कुडाच्या घरात भरलेल्या कणगीशेजारी बसा, तिथे आवाज कोरडा मिळतो. संमती कागदावर नको, त्याच बोलीत बोलून घ्या आणि ती फीतही जपा. सगळ्याची एक प्रत ग्रामसभेच्या ताब्यातल्या हार्डडिस्कवर.

हे अवघड नाही. न्यूझीलंडमधल्या ते हिकू मीडिया या माओरी संस्थेने २०१८ मध्ये १० दिवसांत ३०० तासांहून जास्त माओरी बोलणे लोकांकडून वाचून घेतले, आणि आवाज मोठ्या कंपन्यांना न विकता समाजाच्या राखणदारीत ठेवला, त्याचा परवानाच वेगळा बनवला. ऑकलंड शहराच्या रचना-मार्गदर्शिकेत 'ते अरंगा' नावाची सात माओरी तत्त्वे आहेत. त्यांतले पहिले तत्त्व चित्र-नक्षीचे नाही. ते स्थानिक जमातीचा अधिकार मान्य करण्याचे आहे. क्रम पाहा.

अॅपच्या फॉर्मचेही पाहा. "गाव, वॉर्ड, घर क्रमांक" असे रकाने असतात. आमचा पत्ता पाड्याचा असतो. पाडा हा रकाना वेगळा आणि सक्तीचा ठेवा. वसावे, पाडवी, वळवी, पावरा या आडनावांत एकाच नावाची चार माणसे निघतात. यंत्रणा त्यांना दुबार समजून वगळते. वडिलांचे नाव, आईचे नाव आणि पाडा मिळून ओळख बनवा. नेटवर्क नसताना फॉर्म भरता आला पाहिजे आणि आठवडे बाजाराला माणूस खाली उतरेल तेव्हा तो आपोआप गेला पाहिजे. खोल दरीत जीपीएसला उपग्रह कमी दिसतात; वनहक्काच्या प्लॉटची मोजणी एका फेरीवर करू नका, प्रत्येक कोपऱ्यावर तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी नोंद घ्या. पाच-दहा मीटरची चूक मोठ्या रानात चालते, वीस मीटर रुंदीच्या पट्टीत अर्धे शेत जाते.

वापरणाऱ्यांनीच रचना ठरवणे खानदेशाला परके नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेले सिंचन, तीन-चारशे वर्षे चालली ती याच जोरावर: बंधारा, पाट, चाऱ्या, शेतात पाणी नेणारे सारंग, जादा पाणी काढून द्यायला सांडम, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वरून हवालदार. नर्मदेपलीकडे आलीराजपूरकडचे भिल्ल ओढ्याचे पाणी दगड, सागाची पाने आणि चिखल यांच्या पाटाने डोंगराच्या कडेकडेने शेतात नेतात. वरच्या ओढ्यावर सिमेंटचा बंधारा घालताना खाली असा पाट आहे का, एवढे तरी विचारून या.

येत्या पावसाळ्यात ज्या कामांची जागा ठरायची आहे, त्यांपैकी प्रत्येक तालुक्यात निदान एक काम या क्रमाने करून पाहा: चुन्याची आखणी, बायकांची बैठक, नमुना भिंत, मग इस्टिमेट. आखणीला आम्ही येऊ. दोर आणि खुंट्या आमच्या, टेप तुमचा.

कळावे,

सातपुड्याच्या पाड्यांवरचे गवंडी, सुतार, बांबूकाम करणारे, लिंपण करणाऱ्या बाया, भिंती रंगवणारी मुले-मुली आणि बोलीचे काम करणारे

ता. क.: इमारतीच्या फलकावर पाड्याचे नाव लिहिताना ते पाड्यावरून उच्चारून घ्या. महसुली दप्तरात नावे मराठीला सोयीची करून लिहिलेली असतात, आणि एकदा फरशीवर कोरले की तेच खरे होऊन बसते.